मदत हवी आहे: पुण्यातील डेंग्यूच्या गणिती प्रतिमानात पाऊस कसा मांडावा?

नमस्कार. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी पुणे शहरातील डेंग्यूच्या प्रसाराचे गणिती प्रतिमान तयार करत आहे आणि एका टप्प्यावर अडले आहे. साथरोग, कीटकशास्त्र किंवा हवामान यांपैकी कशाचाही अभ्यास असलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सांगाडा रॉस-मॅकडोनाल्ड परंपरेतला, म्हणजे डासांमार्फत पसरणाऱ्या रोगांच्या समीकरणांचा आहे. माणसांचे चार गट (संसर्गयोग्य, अधिशयनातील, बाधित, बरे झालेले) आहेत आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या माद्यांचे तीनच, बरे झालेल्यांचा गट नाही, कारण बाधित झालेली मादी मरेपर्यंत बाधितच राहते. या समीकरणांत डासांच्या संख्येपेक्षा त्यांच्या आयुष्याला किती अधिक वजन आहे, हे पाहून मी थक्क झाले. विषाणू मादीच्या पोटातून लाळग्रंथींपर्यंत पोहोचण्यास साधारण 8 ते 12 दिवस लागतात आणि तेवढे दिवस जगलेली मादीच रोग पुढे देऊ शकते. हा काळ 10 दिवसांचा धरून मादीची दररोज जगून राहण्याची शक्यता 0.9 वरून 0.8 वर आणली, तर मूलभूत पुनरुत्पादन गुणांक (एका रुग्णापासून सरासरी किती नवे रुग्ण होतात तो आकडा) जवळजवळ सातपट घटतो. संख्या चौपटीने घटवली, तर तो चौपटच घटतो.

खरी अडचण पावसाची आहे. शहर किती डास पोसू शकेल, ही धारणक्षमता मी साप्ताहिक पावसाच्या सरळ प्रमाणात धरली आहे. त्यामुळे जुलैतील सर्वाधिक पावसाच्या आठवड्यांपाठोपाठ रुग्णसंख्या उसळते आणि उन्हाळ्यात डास जवळपास नाहीसे होतात. प्रत्यक्षात पुण्यात रुग्ण वाढतात ते मुख्यतः ऑगस्टनंतर, पावसाची उघडीप सुरू झाल्यावर. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनीही मध्यम व विखुरलेला पाऊस डेंग्यूस पोषक ठरतो, तर आठवड्यात 150 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अळ्या वाहून जातात, असे दाखवले आहे. शिवाय या डासाला पाऊस लागतोच असेही नाही. ज्या सोसायट्यांमध्ये टँकर येतात आणि ज्या वस्त्यांमध्ये पाणी पिंपांत भरून ठेवावे लागते, तेथे तो मे महिन्यातही वाढतो आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्महिने टिकतात.

दुसरी अडचण अशी की माझ्याजवळ केवळ रुग्णांचा साप्ताहिक विदा (डेटा) आहे. डासांची संख्या चौपट धरून चावण्याचा दर निम्मा केला, तरी गुणांक तोच राहतो, कारण त्यात चावण्याच्या दराचा वर्ग येतो, आणि दोन्ही आलेख विदाशी सारखेच जुळतात. मग यांपैकी कोणत्या प्राचलांचे (समीकरणांतील ठरवायच्या आकड्यांचे) अनुमान करणे योग्य आणि कोणते बाहेरून घ्यावेत? वरवर जुळणारा आलेख दाखवून प्रकल्प पूर्ण झाला असे म्हणणे मला पटत नाही, कारण अशा प्रतिमानावर विसंबून उद्या कोणी फवारणीचे वेळापत्रक आखू शकेल.

प्रतिसाद

आपण दोन्ही अडचणी नेमक्या ओळखल्या आहेत. धारणक्षमतेचे दोन भाग करा: साठवलेल्या पाण्याचा एक स्थिर भाग, जो पाऊस नसतानाही शिल्लक राहील, आणि पावसाचा दुसरा भाग, जो काही मर्यादेपर्यंत वाढेल व मुसळधारेत खाली येईल. तो चालू आठवड्याच्या पावसावर न ठेवता मागील काही आठवड्यांच्या भारित सरासरीवर ठेवा. अंड्यापासून डास होण्यास अनुकूल तापमानात आठ-दहा दिवस, त्यानंतर डासाच्या शरीरात विषाणूची वाढ आणि शेवटी माणसातील अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ), असा उशीर साखळीत मुळातच आहे.

डासांची संख्या आणि चावण्याचा दर वेगळे काढण्याचा हट्ट सोडावा. केवळ रुग्णांच्या विदावरून संख्या आणि चावण्याच्या दराचा वर्ग यांचा गुणाकारच हाती लागतो. आयुष्य आणि लाळग्रंथींपर्यंतचा काळ तापमानानुसार बदलतात, ते प्रयोगशाळेतील निरीक्षणांवरून घ्या आणि अनुमान फक्त त्या संयुक्त प्राचलाचे करा. एका गोष्टीचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही, पण ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: डेंग्यूच्या बहुसंख्य बाधितांना लक्षणेच नसतात आणि विषाणूचे चार उपप्रकार आहेत. त्यामुळे सुरुवातीला किती लोक संसर्गयोग्य होते, हे रक्तद्रव सर्वेक्षणाशिवाय (लोकांच्या रक्तात पूर्वीच्या संसर्गाची प्रतिपिंडे आहेत का हे तपासल्याशिवाय) ठरवता येत नाही. ते उपलब्ध नसेल, तर दोन-तीन वेगवेगळ्या गृहीतकांवर उत्तरे काढून ती सर्व दाखवावीत. एक संपूर्ण वर्ष बाजूला ठेवून उरलेल्या वर्षांवरून त्याचे भाकीत करून पाहा. आपला विदा प्रभागनिहाय आहे की संपूर्ण शहराचा, हे कळवल्यास पुढचे सुचवता येईल.