केसांच्या टेस्टमध्ये झिंक कमी, कॉपर जास्त, लेड (शिसं) पिवळ्यात!! काय करू?

वरणभात_फक्त
नमस्कार सगळ्यांना. मुलगा सव्वापाच वर्षांचा, तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी चालू आहे. खाण्याची नुसती बोंब, वरणभात, दूध आणि एकाच प्रकारची बिस्किटं, त्यातही बिस्कीट तुटलेलं असेल तर नको. मागच्या महिन्यात जाऊबाईंच्या ओळखीने एका सेंटरला गेलो, तिथे त्याच्या मानेजवळचे केस कापून बाहेर कुठेतरी टेस्टला पाठवले, काल रिपोर्ट आला. नुसत्या रंगीत पट्ट्या, झिंक लाल, कॉपर वर, सेलेनियम तर पट्टीच्या बाहेर, लेड पिवळ्यात. आता म्हणतात सहा महिने रोज झिंक ३० मिलिग्रॅम आणि मग लेड काढायला चिलेशन, म्हणजे औषध देऊन अंगातले धातू बाहेर काढणं. नवरा म्हणतो करून टाकू, सासूबाईंनी तांब्याचा तांब्या माळ्यावर टाकला पण. रात्रभर डोक्यात तेच. कुणी केलंय का हे?

लॅबमधला_माणूस
ताई आधी हे सांगा, पोराला शाम्पू कुठला लावता? घरात कोंड्याचा शाम्पू असेल आणि त्यालाही तोच लागत असेल तर सेलेनियमचं कोडं तिथेच सुटलं, त्यातल्या काहींत सेलेनियम सल्फाइड असतं, काहींत झिंक पायरिथिऑन, केसाला चिकटलं की धुऊन पूर्ण जात नाही. अंगात काय आहे आणि बाहेरून काय लागलंय हे केस सांगत नाही. अमेरिकेत २००१ साली एकाच धडधाकट माणसाचे केस सहा लॅबना पाठवून बघितले होते, सहा जणांचे आकडे एकमेकांशी जुळेनात आणि सल्लेही वेगवेगळे.

रक्तातलं झिंक बघायचं तरी भानगडी आहेतच. साधी ट्यूब चालत नाही, रबरी बुचातूनच झिंक उतरतं, त्यासाठी गडद निळ्या झाकणाची वेगळी ट्यूब येते. पोरगं हातपाय झाडत असताना ओढून काढलेलं रक्त फुटलं तर आकडा खोटा वाढतो, आणि सर्दीतापात असेल तर खोटा कमी येतो. आमच्याकडे निम्मे सॅम्पल या ना त्या कारणाने बाद होतात, पण रिपोर्ट हातात पडल्यावर हे कुणी विचारत नाही.

दोन_पोरांचा_बाप
आम्ही केलंय म्हणून लिहितो. आम्हालाही असाच रंगीत कागद मिळाला होता, कॉपर जास्त म्हणून आठ महिने झिंक दिलं, रोज ४० मिलिग्रॅम. पोरगा पांढराफटक पडला, सारखा आजारी, शेवटी आमच्या पेडने (मुलांच्या डॉक्टरांनी) सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी केली तर हिमोग्लोबिन खाली आणि पांढऱ्या पेशीही खाली. झिंक जास्त झालं की आतडं कॉपर घेतच नाही, म्हणजे ज्याचं कॉपर "जास्त" म्हणून सुरू केलं त्याचंच कॉपर संपलं होतं. बंद केल्यावर सावरला. या वयाला झिंक लागतं दिवसाला साडेचार-पाच मिलिग्रॅम, ४ ते ८ वर्षांना अमेरिकन मर्यादा १२ ची आहे, तुम्हाला ३० सांगितलंय ते बघा. जुलाबात देतात ते २० चं असतं पण १४ दिवसच, महिनोन् महिने नाही.

आणि चिलेशनला हात जोडून नाही म्हणा. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा ईडीटीए या चिलेशनच्या औषधाचं इंजेक्शन देताना गेला, रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं आणि हृदय थांबलं. नंतर तिथे सरकारी संस्थेने याची चाचणी ठरवली होती तीही २००८ ला सोडून दिली, फायदा दिसायच्या आत धोकाच दिसत होता.

कोकणस्थ_आजी
सगळंच थोतांड म्हणू नका बरं. जपानमध्ये २०११ साली १९६७ ऑटिस्टिक मुलांचे केस तपासले होते, ३० टक्क्यांच्या आसपास मुलांत झिंक खूप कमी निघालं, लहान वयात जास्तच. माझ्या नातवाला झिंक दिल्यावर भूक लागायला लागली हे मी डोळ्यांनी बघितलंय.

लॅबमधला_माणूस
आजी, तो रिसर्च खराच आहे. स्वीडनच्या जुळ्या मुलांचे दुधाचे दात तपासून २०१७ मध्येही असंच काहीसं आलं होतं, ज्याला ऑटिझम त्याच्या दातात लेड जास्त, झिंक-मँगनीज कमी. पण हजार पोरांची सरासरी वेगळी आणि तुमच्या एका पोराचा कागद वेगळा. शिवाय वरणभात नि बिस्किटावर जगणाऱ्याचं झिंक कमी नाही येणार तर काय येणार, कोणामुळे कोण हे त्यातून कळत नाही. नातवाला खरंच कमी असेल तर भूक वाढेलच की, त्याला ऑटिझमची गरज नाही.

मोड_आलेली_मटकी
मला वाटतं सगळे झिंक-कॉपर करत बसलोय आणि लोह राहतंय. ताई दूध किती पितो ते लिहिलं नाहीत. माझी लेक दिवसाला लिटरभर प्यायची, रात्री पाय झाडायची, दहादा उठायची, भिंतीचे पोपडे खायची, आम्ही म्हणायचो ऑटिझमच आहे. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) केलं तर ७!! डब्ल्यूएचओ पाच वर्षांवरच्यांना १५ च्या खाली गेलं की कमी धरतं. दूध अर्धा लिटरवर आणलं, डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, तीन महिन्यांत पोपडे सुटले आणि झोप बरीच सुधारली. बोलणं? ते होतं तिथेच, खोटं कशाला सांगू. तसंही एनएफएचएस-५ मध्ये (२०१९-२१ चं सरकारी आरोग्य सर्वेक्षण) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० पैकी जवळजवळ ६९ मुलांत रक्त कमी निघालंय, आपली पोरं काय वेगळी.
पोपड्यांच्या रंगात लेड असू शकतं म्हणून लेडपण केलं होतं, पण रक्तातलं. काही तोंडात घालत असेल तर ते करून घ्या, पिवळ्या पट्टीवर जाऊ नका.

वरणभात_फक्त
शाम्पू बघितला. नवऱ्याचा कोंड्याचाच, गेले वर्षभर दोघांना तोच 🤦 मागे बारीक अक्षरात सेलेनियम सल्फाइड लिहिलंय. सेंटरला नाही कळवलं. दूध पाऊण लिटर तरी आहे आणि रात्री पाय झाडतोच. सीबीसी, फेरिटिन आणि लेड आमच्या पेडकडून लिहून घेते. फक्त रक्त काढायचं कसं, मागच्या वेळी चौघांनी धरलं होतं.

मोड_आलेली_मटकी
बधिर करायचं मलम मिळतं, पेडना विचारून एक तास आधी कोपराच्या आत लावा, वर प्लास्टिक चिकटवतात. ते प्लास्टिक दोन दिवस आधीपासून घरी खेळात लावून सवय करा नाहीतर तेच ओढून काढेल. आणि सकाळी पहिला नंबर लावा.