रोड सायकलला एरोबार: तिघांपैकी कोणता घ्यावा?

चेनरिंग

ट्रायथलॉनसाठी रोड सायकलला क्लिप-ऑन एरोबार (हँडलवर आवळून बसवायचे पुढे निघालेले दांडे; हात पॅडवर टेकून वाकून चालवता येतं) लावायचे आहेत, निवडीत अडकलो आहे. शर्यत हाफ अंतराची, सायकलचा टप्पा 90 किमी, ड्राफ्टिंगला (दुसऱ्याच्या मागे वाऱ्याआड चालवायला) मनाई. रस्ता बहुतांशी सपाट, एक-दोन लहान चढ.

मापं देतो. अ‍ॅल्युमिनियमचा ड्रॉप बार (खाली वळलेलं हँडल), मधला भाग 31.8 मिमी गोल. स्टेम (हँडल धरणारा जोड) 100 मिमी. सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोन 73 अंश, सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) 20 मिमी सेटबॅक, म्हणजे सीट तेवढी मागे. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या) मध्यापासून सीटची उंची 730 मिमी. सीटचा माथा बारच्या वरच्या कडेपेक्षा 60 मिमी उंच. गिअर केबलवाले.

यादीत तीन नावं उरली आहेत: प्रोफाइल डिझाइनचा सॉनिक एर्गो 35ए, झिपचा व्हुका क्लिप आणि रेडशिफ्टचा क्विक रिलीज. वजनं पाहून झाली. पॅड बारच्या किती वर असावेत, एक्स्टेन्शनचा (पुढच्या दांड्यांचा) आकार कोणता घ्यावा आणि सीट किती पुढे घ्यावी लागेल, हे कळत नाहीये.

फ्रेमवेडा

मापं आधीच दिलीत हे फार बरं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे. एरोबार घेताना नाव आणि वजन सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते एवढंच की पॅड वर-खाली, पुढे-मागे आणि आत-बाहेर किती सरकतात. सपाटीवर ताशी 40 किमीच्या आसपास एकूण विरोधापैकी 80 टक्क्यांहून जास्त हवेचा असतो, आणि त्या हवेला आडवं येतं ते मुख्यतः आपलं अंग. शंभर ग्रॅमनी हलका बार घेतला, पण मान भरून आल्यामुळे निम्मा रस्ता हुडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी माथ्यावर) हात ठेवून काढावा लागला, तर तो पर्याय चुकला असंच म्हणावं लागेल.

पहिलं काम म्हणजे बार टेप स्टेमच्या बाजूने थोडी सोडवा आणि कॅलिपर लावून बघा की स्टेमच्या कडेपासून 31.8 चा गोल भाग कुठपर्यंत टिकतो आणि कुठे निमुळता व्हायला लागतो. क्लॅम्प (एरोबारची बारवरची पकड) पूर्ण रुंदीने गोल भागावरच बसला पाहिजे. तो निमुळत्या भागावर गेला की एका कडेनेच पकडतो. बोल्ट कितीही आवळा, खड्डा आला की बार फिरतो. पसरट माथ्याच्या एरो हँडलबारवर सर्वसाधारण क्लिप-ऑन बसतच नाहीत.

आता उंची. क्लिप-ऑनचे पॅड बारच्या मध्यापासून 50 मिमी वर येतात असं धरा. बारची त्रिज्या 16 मिमी, म्हणजे बारच्या वरच्या कडेपासून पॅड 34 मिमी वर. तुमची सीट त्या कडेपेक्षा 60 मिमी उंच आहे, तेव्हा सीट ते पॅड फरक राहिला 26 मिमी. पहिल्यांदाच एरो पोझिशनमध्ये 90 किमी करणाऱ्यासाठी 20 ते 50 मिमी फरक मला योग्य वाटतो. म्हणजे पॅड अगदी खाली नेणाऱ्या बारच्या मागे लागायची तुम्हाला गरज नाही.

सीट पुढे घेतलीत तर हे गणित थोडं हलतं. 30 मिमी पुढे सरकवलीत तर तुमच्या उंचीला सीटचा प्रत्यक्ष कोन 73 वरून साधारण साडेपंच्याहत्तर अंशांवर येतो. पण सीट पुढे गेली की पेडलपासूनचं अंतर कमी होतं, दर 10 मिमीला जवळपास 3 मिमी. तेवढी सीट वर घ्यावी लागते, तुमच्या बाबतीत 9 मिमी. मग सीट ते पॅड फरक 26 चा 35 होतो, तोही चांगलाच आहे. सेटबॅकचा सीटपोस्ट बदलून सरळ घेतलात तर त्यातच 20 मिमी मिळतात, उरलेले 10 सीटखालच्या रेलवर सरकवून. रेलवरच्या खुणेच्या बाहेर क्लॅम्प नेऊ नका, रेल वाकतात.

सीट न हलवता नुसते एरोबार लावले तर मांडी पोटाला लागते, कंबरेचा कोन आवळतो आणि शरीर आपोआप सीटच्या टोकावर घसरतं. लोक याचं खापर सीटवर फोडतात.

टॉर्करेंच

फ्रेमवेडा यांच्या गणिताशी सहमत. आकाराबद्दल माझं मत वेगळं असू शकेल, तेव्हा लिहितो.

सरळ एक्स्टेन्शनवर मनगट खाली मोडून धरावं लागतं, तासाभरात तळहात बधिर होतो. एस आकारात ते बरंच सुधारतं. जे आकारात किंवा चढत्या एर्गो आकारात मूठ हस्तांदोलनासारखी उभी राहते, मनगट सरळ राहतं. लांब अंतराला मी चढता आकारच सुचवेन. झिपच्या एक्स्टेन्शनमध्ये इव्हो 70 आणि इव्हो 110 असे आकडे दिसतील, ते टोक किती मिमी वर चढतं त्याचे आहेत. 110 आकर्षक दिसतो, पण पॅडनाही तेवढा वर कल देता आला नाही तर हात वर आणि कोपर मोकळी, अशी विचित्र अवस्था होते. कोपरापासून पुढच्या हाताला 10 ते 15 अंश वर कल देऊन सुरुवात करा.

पॅड कोपराच्या टोकाखाली नको, त्याच्या थोडं पुढे, हाताच्या मांसल भागाखाली हवं. कोपराचं हाड पॅडवर टेकलं तर वीस मिनिटांत दुखायला लागतं. रुंदी पॅडच्या मध्यापासून मध्यापर्यंत 200 मिमीच्या आसपास ठेवा आणि सवय झाल्यावर आत आणा. सुरुवातीलाच अरुंद केलं तर श्वास कोंडतो आणि वाऱ्याच्या झोतात पुढचं चाक सांभाळत नाही.

तुमच्या तिघांबद्दल. क्विक रिलीजचा फायदा रोज गटात सायकल चालवणाऱ्याला: बारवर फक्त पकड राहते, एक्स्टेन्शन पॅडसकट निघतं. व्हुका क्लिपची एक्स्टेन्शन बारच्या वरून किंवा खालून, दोन्हीकडून लावता येतात, त्यामुळे खाली जायची सोय राहते. ती तुम्हाला आज लागत नाही. 35ए मधला 'ए' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. ते कापायला आणि आवळायला कार्बनपेक्षा निर्धास्त. तुमच्या मापांना मी सॉनिक एर्गो घेईन.

हब३२

मधेच विचारतो, माझा बार कार्बनचा आहे. चालेल का?

टॉर्करेंच

बार बनवणाऱ्याने क्लिप-ऑनला लेखी परवानगी दिली असेल तरच. सूचनापत्रकात उल्लेख नसेल तर लावू नका. क्लॅम्प एका अरुंद पट्ट्यात दाब देतो आणि त्यावर अर्ध्या शरीराचा भार येतो. भेग टेपखाली गेली तर दिसतही नाही. परवानगी असेल तर ग्रीस न लावता कार्बन पेस्ट लावा आणि टॉर्क रेंचनेच आवळा.

चेनरिंग

मोजलं. स्टेमच्या दोन्ही बाजूंना 38 मिमी गोल भाग मिळतोय. क्लॅम्प बसतील. एक शंका: कागदावर मांडणी केली तर पॅड सगळ्यात मागे घेऊनही ते मला 15 ते 20 मिमी लांब पडताहेत. स्टेम 80 चा करू का?

फ्रेमवेडा

लगेच नको. तुम्ही कागदावर सीट जुन्याच जागी धरली असावी. ती 30 मिमी पुढे आली की खांदेही पुढे येतात आणि ही तूट बहुधा भरून निघते. आधी सीट, मग पॅड, आणि तरीही लांब पडलं तर स्टेम, तेही 90 चा. सीट आणि स्टेम एकदम बदललात तर काय कशामुळे झालं ते कळत नाही. ओळखायची खूण सोपी: ट्रेनरवर (सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर) वीस मिनिटं बसा, बाजूने फोटो काढा. दंड धडाशी साधारण काटकोनात हवा. कोपर खांद्याच्या फार पुढे गेलेली दिसली तर लांब पडतंय. कोपर खांद्याच्या मागे सरकली असेल तर आखूड झालंय आणि सगळा भार मानेवर येतोय.

टॉर्करेंच

बसवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी एकत्र देतो.

एक्स्टेन्शनची नळी 22.2 मिमीची असते, त्यामुळे पुढे आकार बदलावासा वाटला तर बहुतेक ब्रॅकेट (नळी धरणाऱ्या पकडी) तेच चालतात. लांबी लगेच कापू नका. दोन-तीन लांब फेऱ्यांनंतर मूठ नेमकी कुठे पडते ते टेपने खूण करा आणि बारीक दातांच्या, इंचाला 32 दातांच्या, पात्याने दर खेपेला 10 मिमी कापा. कडा घासून गुळगुळीत करा. नळीचं टोक उघडं ठेवू नका, प्लग लावा. शर्यतीआधीच्या तपासणीत उघड्या टोकावर सायकल अडवतात.

बोल्ट दोन-दोन फेऱ्यांनी, आलटूनपालटून आवळा, म्हणजे क्लॅम्पची फट दोन्हीकडे सारखी राहते. आकडा ब्रॅकेटवर छापलेला असतो, बरेचदा 5 न्यूटन मीटर, छापलेलाच पाळा. पॅडखाली उंचीचे स्पेसर घातलेत तर बोल्टही तेवढाच लांब हवा. स्पेसर 20 मिमीचा आणि बोल्ट जुनाच, ही नेहमीची गडबड. बोल्ट दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि एक दिवस ब्रॅकेटमधले आटेच घेऊन बाहेर येतो. एम5 बोल्टचे निदान 7 ते 8 मिमी आटे आत गेले पाहिजेत.

तुमचे गिअर केबलवाले, म्हणजे गिअर बदलायला आणि ब्रेकला हात हुडवर न्यावाच लागेल. सपाट 90 किमीला ही अडचण नाही. मात्र वळण, उतार, पाण्याचा थांबा आला की आधी हात हुडवर, मग बाकीचं. ब्रेक हातभर लांब असताना आयत्या वेळी ते सापडत नाहीत.

ड्राफ्टिंग चालणारी शर्यत पुढे करायची ठरली तर एरोबारचे नियम तिथे वेगळे आहेत, त्या वर्षीचं नियमपत्रक आधी बघा.

चेनरिंग

ठीक. सॉनिक एर्गो 35ए, सरळ सीटपोस्ट, स्टेम तूर्त तोच. पहिल्या फेरीनंतर बोल्ट परत तपासायचे का?

टॉर्करेंच

हो, पहिल्याच फेरीनंतर, आणि दर वेळी पॅड हलवल्यावर. तपासायच्या आधी क्लॅम्पशेजारी बारवर मार्करने बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ सरकलेली दिसली तर नुसतं आणखी आवळू नका. क्लॅम्प काढा, आतला घाम आणि ग्रीस पुसा आणि निमुळत्या भागावर चढलाय का ते बघा.