जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प होणार का नाही? जागेत कलमं लावू का?

सड्यावरचा:
आमचं गाव मिठगवाण्याकडचं, माडबन जवळच. आजोबांची सड्यावरची जमीन संपादनात गेली, घरामागचा तुकडा तेवढा राहिलाय. आई म्हणते हापूसची कलमं लावूया, काका म्हणतात थांब, प्लांट आला की सगळं बदलेल. इतकी वर्षं हेच ऐकतोय आणि तिकडे कंपाउंड सोडून काही दिसत नाही. माहितगारांनी सांगा, काम खरंच सुरू होईल का?

टर्बाइनवाला:
लगेच तरी नाही. 1650 मेगावॅटच्या 6 ईपीआर (फ्रेंच बनावटीच्या) अणुभट्ट्या, म्हणजे 9900 मेगावॅट. 2010 ला अरेवा या फ्रेंच कंपनीशी करार झाला, ती कंपनी गाळात गेली, मग विषय ईडीएफ या फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीकडे, त्यांनी 2021 ला ऑफर दिली आणि विजेचा दर काय आणि अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची यावर घोडं अडलं. समजा उद्या सही झाली तरी फ्रान्समधे फ्लामांव्हिलला हीच भट्टी 2007 ला बांधायला घेतली ती ग्रिडला लागली 2024 च्या डिसेंबरात. तेवढ्यात तुमची कलमं कितीतरी हंगाम देतील, बिनधास्त लावा.

नाटेबंदर:
कलमांचं सगळे विचारतात, मच्छीचं कोण विचारत नाय. समुद्राचं पाणी आत घेणार, त्यावर वाफ थंड करणार आणि पाचेक अंश गरम करून परत सोडणार, ते पण रोजचं अफाट पाणी. बांगडा काय थांबणार हाय का तिथं? 2013 ला हेक्टरी साडेबावीस लाख जाहीर झाले ते जमीनवाल्यांना, आमच्या नावावर समुद्राचा सातबारा नाय. एप्रिल 2011 ला साखरी नाट्यात प्रकल्पविरोधी आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला, आमच्यातला एक माणूस गेला, ते कुठल्या हिशोबात धरणार सांगा.

पालघरकर:
नाटेबंदर भाऊ, अगदी बरोबर बोललात. आमच्या तारापूरला 1969 पासून वीज बनतेय, पण 3 आणि 4 नंबरच्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली त्या लोकांचं पुनर्वसनाचं भांडण कोर्टात किती वर्षं चाललं ते आम्ही बघितलंय. सड्यावरचा, कलमं लावाच पण त्यांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. संपादन झालंच तर फळझाडांचं मूल्यांकन वेगळं होतं, आणि नोंद नसेल तर झाड समोर उभं असूनही भांडत बसावं लागतं. जुने फेरफार पण काढून ठेवा.

सड्यावरचा:
खूप आभार सगळ्यांचे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, आधी वारस नोंद करावी लागेल ना? तलाठ्याकडे काय काय कागद न्यायचे?