सेंटीलीटर आणि घन सेंटीमीटर एकच का?

प्रश्न : ‘सेंटी’ म्हणजे शंभरावा भाग. मग १ सेंटीलीटर आणि १ घन सेंटीमीटर सारखेच असायला हवेत ना? आणि सीसी म्हणतात ते यातलं कोणतं?

उत्तर : सारखे नाहीत, दहापट फरक आहे. १ सेंटीलीटर म्हणजे १० मिलीलीटर, १ घन सेंटीमीटर म्हणजे १ मिलीलीटर. सीसी म्हणजे घन सेंटीमीटरच, ‘क्युबिक सेंटीमीटर’ची आद्याक्षरं.

सगळी गोम ‘घन’ या शब्दात आहे. ‘सेंटीमीटरचा घन’ असा विग्रह करायचा, ‘घनमीटरचा शंभरावा भाग’ असा नाही. लीटरमागे लागलेला उपसर्ग थेट आकारमानाला लागतो, म्हणून सेंटीलीटर खरोखरच लीटरचा शंभरावा भाग. मीटरमागचा उपसर्ग आधी लांबीला लागतो आणि मग त्याच्यासकट घन होतो. शंभर तीनदा गुणलं की दहा लाख, तेव्हा १ घनमीटरमध्ये १० लाख घन सेंटीमीटर.

दोन्ही पद्धतींचा सांधा एकच लक्षात ठेवा : १ लीटर = १ घन डेसीमीटर, म्हणजे १० सेंटीमीटर बाजूचा घन. १० × १० × १० = १००० घन सेंटीमीटर, तेच १००० मिलीलीटर. लीटरच्या घरात मात्र नुसतं दशांशचिन्ह सरकवायचं : ०.७५ लीटर = ७.५ डेसीलीटर = ७५ सेंटीलीटर = ७५० मिलीलीटर.

प्रश्न : पूर्वी मिलीलीटर आणि सीसी यांत किंचित फरक होता म्हणतात, खरं आहे का?

उत्तर : हो. १९०१ साली लीटरची व्याख्या १ किलोग्रॅम शुद्ध पाण्याच्या आकारमानावरून केली होती, आणि ते भरलं सुमारे १.००००२८ घन डेसीमीटर. १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली. तेव्हापासून दोन्ही तंतोतंत एकच.

प्रश्न : रक्ताच्या एका अहवालात प्लेटलेट ‘प्रति घन मिलीमीटर’ आहेत, दुसऱ्यात ‘प्रति मायक्रोलीटर’. तुलना कशी करायची?

उत्तर : आकडे आहेत तसेच शेजारी ठेवा. १ घन मिलीमीटर = १ मायक्रोलीटर, त्यामुळे २,५०,००० दोन्हीकडे २,५०,०००च. फक्त घन मिलीमीटरला मिलीलीटर समजू नका, हिशेब हजारपटीने चुकेल. साखरेच्या आकड्यापुढे मिलिग्रॅम प्रति डेसीलीटर असतं, तिथे डेसीलीटर म्हणजे १०० मिलीलीटर.

प्रश्न : मग किलोलीटर आणि घन किलोमीटर?

उत्तर : तिथे तर अंतर प्रचंड. १ किलोलीटर म्हणजे १ घनमीटर. १ घन किलोमीटर म्हणजे एक अब्ज घनमीटर, अर्थात एक अब्ज किलोलीटर.