मदत हवी आहे: जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर टीव्ही टांगायचा आहे

राजेहो, जरा सल्ला द्या. घर दारव्ह्याजवळ खेड्यात. बैठकीची जुनी मातीची भिंत, म्हणून मागच्या वर्षी आतून सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर १२ एमएम प्लाय अन् वरून साडेबारा एमएमचा जिप्सम बोर्ड लावला. आता ४३ इंची टीव्ही आणला, वजन ८-९ किलो.

बसवायला आलेला पोरगा सिमेंटच्या भिंतीत घालतात त्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून मोकळा होत होता. मीच थांबवलं. जिप्समचा खडूसारखा भुगा होतो, पकड लाकडातच पाहिजे, एवढं समजते मला.

चुंबक फिरवून बोर्डाचे स्क्रू शोधले, त्यावरून पट्ट्या सापडल्या. त्या दोन-दोन फुटांवर आहेत. ब्रॅकेटची एका बाजूची भोकं बरोबर पट्टीवर येतात, दुसरी बाजू नुसत्या प्लायवर. दोन इंची स्क्रू पट्टीत इंचभर तरी जाईल, पण प्लायमध्ये पकड अर्ध्या इंचाचीच. तेवढी पुरते का? की बाहेरून आडवी फळी दोन्ही पट्ट्यांना कसून तिच्यावर ब्रॅकेट लावू? फळी दिसेल, पण चालते.

अजून एक. आईला चुलीपासून मालिका दिसावी म्हणून घरच्यांना पुढे ओढायचा, फिरणारा ब्रॅकेट हवा आहे. टीव्ही बाहेर काढला की वरच्या स्क्रूंवर ओढ वाढते ना? का सपाटच लावू अन् आईची खुर्ची सरकवू?

अन् आत वाळवी लागली असेल तर बोर्ड न उखडता कसं ओळखायचं?