मासिकाची ऑर्डर आणि गॅलरीची भिंत

मासिकासाठी काढलेलं चित्र गॅलरीत लावलं की चित्रकाराचा भाव उतरतो असं म्हणतात, पण हे मला सरसकट पटलं नाही. न्यूयॉर्कच्या डाउनटाउन गॅलरीच्या मालकीण ईडिथ हॅल्पर्टबाई बघा. त्यांच्याकडच्या चार्ल्स शीलर या चित्रकाराला १९३८ मध्ये 'फॉर्च्यून' या उद्योगविषयक मासिकाने 'पॉवर' (शक्ती) या विषयावर चित्रमालिका सांगितली. गड्याने आधी हिंडून फोटो काढले, मग निवांत सहा चित्रं केली. पाणचक्की, रेल्वे इंजिनाची चाकं, वाफेचं टर्बाइन, विमानाचा पंखा, धरणं. (चाकांचं चित्र तर लोक फोटोच समजतात.) डिसेंबर १९४० च्या अंकात मालिका रंगीत छापून आली आणि त्याच महिन्यात मूळ चित्रं बाईंच्या भिंतीवर! अंक म्हणजे आयता कॅटलॉगच की.

पुढच्या वर्षी हाच डाव चित्रकार जेकब लॉरेन्सच्या स्थलांतर मालिकेला (अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांची चित्रं). ६० पैकी २६ चित्रं नोव्हेंबर १९४१ च्या 'फॉर्च्यून'मध्ये, आणि त्याच सुमारास गॅलरीत प्रदर्शन. फक्त ती ऑर्डर नव्हती, चित्रं आधीच तयार होती. नंतर मोमा (न्यूयॉर्कचं आधुनिक कलेचं संग्रहालय) आणि वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहाने सम-विषम क्रमांकांनी ती वाटून घेतली. विक्री झकास झाली, पण मालिका फुटली, हे मला आजही खटकतं.