अनुभव धागा: पाठाच्या टाचणाबाहेर काय शिकलात?

सरावपाठांचे किस्से पुरेसे झाले. मागच्या बाकावर पाठ तपासणारे मेथड मास्तर, फळ्यावर रंगीत खडू आणि आदल्या दिवशी पढवून ठेवलेली पोरं. या धाग्यावर ते नकोत. डी.एड., बी.एड. करताना गुणांसाठी नव्हे, तर शाळेला किंवा वस्तीला गरज होती म्हणून केलेलं काम लिहा, आणि त्यातून शिक्षक म्हणून हाती काय लागलं तेही. कल्पना आपल्याला परकी नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकण्याची गांधीजींची कल्पना, मांडली गेली. पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत राहून करायचं प्रत्यक्ष काम, २० आठवड्यांचा आहे. एवढ्या वेळात नुसते पाठच घ्यायचे का?

माझं आधी सांगते. डी.एड.ला असताना आम्ही 'असर'च्या, म्हणजे मुलांना वाचता-गणित करता येतं का हे बघणाऱ्या, पाहणीला स्वयंसेवक म्हणून गेलो. घरोघरी जाऊन मुलांना एकेकट्यानं वाचायला द्यायचं: अक्षरं, शब्द, परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ओट्यावर बसलेली पाचवीतली मुलगी शब्दांपाशीच अडकली. शेजारी तिची आई तांदूळ निवडायचं थांबवून बघत होती. वर्गात हीच मुलगी सगळ्यांबरोबर खड्या आवाजात कविता म्हणत असणार आणि मी 'छान!' म्हणून पुढे गेले असते. तेव्हापासून समूहवाचनावर माझा विश्वास नाही. एकेकाला जवळ बसवून ऐकते. वेळ जातो, जाऊ दे.

फडकरी:
बी.एड.ला असताना मला साखर कारखान्याजवळची शाळा मिळाली होती. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या (झोपड्या) पडतात. मुख्याध्यापक म्हणाले, "पाठ राहू द्या, आधी कोप्यांवर पोरं किती आहेत ते बघून या." दुसऱ्या गावी शाळेत बसता यावं म्हणून गावाकडच्या शाळेनं या पोरांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. बहुतेकांकडे नव्हतं; ज्यांच्याकडे होतं त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं. पोरं शाळेत आणली, तर आठवड्याच्या आत मुली गायब. आईबाप पहाटेच उसाच्या फडात, मग धाकट्याला कोण सांभाळणार? शेवटी भावंडांसकट या म्हटलं. वर्गात रडारड, शी-शू, सगळं. टाचणात याला रकाना नव्हता.

गणितात आणखी गंमत. चौथीतल्या एकाला गुणाकार मांडता येईना. पण मोळ्या किती झाल्या, टन किती भरले, उचल (मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे) किती फिटली, हे तो बापाच्या आधी सांगायचा. मग त्याच हिशेबावरून मांडणी घेतली. उचल फिटते कशी, हे मात्र मला त्यानं समजावलं.

कॅसेटवाली:
अंधशाळेसाठी आम्ही मैत्रिणी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचो. मराठी सोपं गेलं. भूगोलात 'नकाशा पाहा' आलं आणि घोडं अडलं. नकाशा वाचून कसा दाखवायचा? एका मुलानं विचारलं, "कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या, मग कराडला समोरासमोर कशा येतात?" त्याच्या तळहातावर बोटानं दोन्ही नद्या काढल्या. कोयना हेळवाकला पूर्वेकडे वळते, तिथे तो म्हणाला, "हां, आता आलं." डोळस मुलांसमोर 'हे असं बघा' म्हणण्याआधी आजही मी थबकते.

खडूबंद:
चित्र फार गोड होतंय. आम्हाला मिळालेल्या शाळेत सेवा म्हणजे फुकटचा शिक्षक. गुरुजी निवडणुकीच्या कामाला, आम्ही दोन वर्ग एकत्र करून सांभाळायचो. उरलेल्या वेळात ऑनलाइन माहिती भरायची. शेवटी भिंती रंगवल्या: प्राणी, पाढे, सुविचार. आधीच्या तुकडीनंही त्याच भिंती रंगवल्या होत्या. फोटो काढले, अहवालाला गुण पडले.

निवृत्त अध्यापकाचार्य:
खडूबंद म्हणतात तसं सर्रास चालतं. आमच्या अध्यापक विद्यालयात आम्ही काम शाळेला विचारूनच ठरवायचो. आणि शनिवारी दुपारी सगळ्यांना गोल बसवून विचारायचो, या आठवड्यात पोरांबद्दलचं तुमचं कोणतं मत बदललं? सुरुवातीला जो तो 'खूप शिकायला मिळालं' म्हणे. त्या वाक्यावर बंदी घातली, मग खरं बाहेर यायला लागलं. एक छात्राध्यापक म्हणाला, "मळक्या कपड्यांतल्या पोरांजवळ मला बसवत नाही." त्यावर तासभर बोलणं झालं. पाठ निरीक्षणाच्या वहीत हे कधीच आलं नसतं. श्रमदानाचं सात दिवसांचं शिबिर आणि हे काम यांत मला तरी एवढाच फरक दिसतो.

नवशिकी:
सोमवारपासून आमचा छात्रसेवाकाल सुरू होतोय. झेडपीची दोनशिक्षकी शाळा आहे. मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी काय विचारू?

खडूबंद:
दरवर्षी कोणतं काम राहून जातं, ते विचार. पटावर नाव आहे पण येत नाहीत अशा पोरांची यादी मिळाली तर उत्तम. रंगाचे डबे पुढे केले तर पोटदुखी काढ.

फडकरी:
आणि यादी घेऊन दुपारी जाऊ नकोस, घरांना कुलपं असतात. संध्याकाळी, माणसं कामावरून आल्यावर जा.